जे दिसलं, ते निसटलं

८९वं मिनिट चालू होतं आणि फुटबॉलचा सामना १-१ असा बरोबरीत होता. मी गोलच्या मागे, कॉर्नरच्या झेंड्याकडे थोडी सरकून, छोट्या स्टुलावर बसले होते. ४०० मिलिमीटरची लेन्स मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या स्टँडवर, दुसऱ्या कॅमेऱ्याला ७०-२००ची लेन्स लावून तो खांद्यावर. नुकताच एक हेडर टिपला होता. दोघं हवेत, चेंडू एकाच्या कपाळाला टेकलेला. निदान मला तसं वाटत होतं. खात्री करायची होती. अंगठा प्लेबॅकच्या बटणावर गेला, मान खाली गेली, डोळे शार्प आलेत का ते बघायला मी फ्रेम मोठी केली.

गोलचा आवाज कानाआधी पाठीवर येतो. मागच्या स्टँडमधून तो अंगावर कोसळतो. मी मान वर केली तेव्हा जाळी अजून हलत होती आणि गोल मारणारा खेळाडू माझ्याकडे पाठ करून समोरच्या कोपऱ्याकडे धावत सुटला होता. मी बटण दाबून धरलं. तीसेक फ्रेम आल्या आणि सगळ्यांमध्ये पाठी होत्या, जर्सीवरचे नंबर होते, एकाही फ्रेममध्ये चेहरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर माझ्याऐवजी वृत्तसंस्थेचा फोटो लागला. आमच्या विभागातल्या सगळ्यात ज्येष्ठ फोटोग्राफरना आम्ही सगळे दादा म्हणायचो. दादांनी माझ्या सगळ्या फ्रेम क्रमाने उघडल्या. प्रत्येक फ्रेमवर कॅमेरा सेकंदापर्यंतची वेळ नोंदवतो हे मला माहीत होतं, पण ती वेळ कुणी अशी वाचेल असं कधी मनात आलं नव्हतं. ते हेडरवर थांबले, मग पुढच्या फ्रेमवर गेले.

"मधली चौदा सेकंदं कुठे होतीस?"

"स्क्रीनकडे बघत होते."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "पुढच्या मॅचला ये, पण कॅमेरा आणू नकोस."

त्या सामन्याला मी त्यांच्या शेजारी रिकाम्या हातांनी बसले. पहिली दहा मिनिटं हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं. दादा स्वतःचं काम करत होते आणि डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता मला विचारत होते, "आता कोण?" चेंडू डावीकडे असला की मी डावीकडच्या खेळाडूचा नंबर सांगायची. "ते सगळ्यांना दिसतंय. आता कोण ते सांग." अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला. उजव्या कडेने खेळणारा विंगर दर वेळी आत कापून डाव्या पायावर चेंडू घेत होता. म्हणजे त्याचा चेहरा आमच्याकडे वळणार होता तो फक्त त्या एका वळणावर. एका संघाचा सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, उडी मारताना डोळे मिटून घ्यायचा, म्हणून हेडरच्या वेळी त्याच्यावर फोकस ठेवण्यात अर्थ नव्हता, त्याच्यासमोरच्यावर ठेवायचा. चेंडू लांब असताना दोन खेळाडू एकमेकांच्या जर्सी ओढत होते. रेफ्रीची पाठ वळली की कोच पाण्याची बाटली आपटत होता. मध्यंतरापर्यंत एवढं कळलं की इतके महिने मी चेंडूच्या मागे धावत होते, आणि तो जिथून निघून गेला त्या जागांचे फोटो काढत होते.

याच्या मागे साधं गणित आहे. दिसलेल्या गोष्टीवर बोट हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. ताशी १५० किलोमीटर वेगाने टाकलेला क्रिकेटचा चेंडू तेवढ्या वेळात आठ मीटरहून जास्त जातो, आणि सगळी खेळपट्टीच वीस मीटरची. बॅट चेंडूला लागल्याचं बघून बटण दाबलं, तर फोटोत फलंदाज येतो, चेंडू येत नाही. आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांमध्ये तर ही गोष्ट फारच उघडी होती. शटर उघडताना आरसा वर जायचा आणि व्ह्यूफाइंडर क्षणभर काळा व्हायचा. म्हणजे जो क्षण डोळ्यांना स्वच्छ दिसला, तो फिल्मवर उतरलेला नसायचाच. दादा म्हणायचे, "दिसलं म्हणजे निसटलं." त्यांची पिढी त्या काळ्या क्षणावर विश्वास ठेवायला शिकली होती.

आता आरसा गेला. कॅमेरे सेकंदाला वीस-तीस फ्रेम सहज घेतात, एखादा १२०सुद्धा घेतो, आणि बटण अर्धं दाबलेलं असताना आधीच्या काही फ्रेमही साठवून ठेवणारे कॅमेरे आलेत. मग आता कौशल्य कशाला लागतं, असं लोक विचारतात. सेकंदाला ३० फ्रेम घेतल्या तरी त्याच चेंडूने दोन फ्रेमच्या मधे जवळपास दीड मीटर कापलेलं असतं. बॅटला चेंडू टेकलेला असण्याचा क्षण त्या दीड मीटरमध्ये हरवू शकतो, आणि नेहमी हरवतो. शिवाय कॅमेरा वळलाय कुणाकडे, हे यंत्र ठरवत नाही. ४०० मिलिमीटरच्या लेन्सचं छिद्र २.८ला, म्हणजे पूर्ण उघडं असेल आणि खेळाडू वीस मीटरवर असेल, तर शार्प पट्टा जेमतेम चाळीस सेंटिमीटरचा येतो. खेळाडूने एक पाऊल पुढे टाकलं की चेहरा धूसर. त्या चाळीस सेंटिमीटरमध्ये कोण असणार, हे आधी ओळखलेलं असावं लागतं.

म्हणून हल्ली मी सामन्याच्या दीड-दोन तास आधी पोहोचते. कॅमेरा काढायच्या आधी मैदानाला एक चक्कर मारते. मी सगळ्यात जास्त बघते ती पार्श्वभूमी, कारण खेळाडू कितीही अप्रतिम उडाला तरी त्याच्या डोक्यातून झळाळता जाहिरातफलक उगवलेला असेल तर त्या फोटोचं काही करता येत नाही. प्रेक्षकांच्या अंधाऱ्या भिंतीसमोर तोच खेळाडू सुटा उभा राहतो. मग दिवे बघायचे. काही मैदानांचे दिवे डोळ्यांना स्थिर वाटतात, पण ते लुकलुकत असतात. एका फ्रेममध्ये जर्सी पांढरी येते आणि लगेच पुढच्या फ्रेममध्ये पिवळट. चाचणीच्या दहा फ्रेम घेतल्या की ते कळतं, आणि मग कॅमेऱ्यातली लुकलुक टाळायची सोय चालू करायची. शटर १/१६०० किंवा १/२००० सेकंदावर ठेवायचं, कारण त्या वेगातही ताशी १५०चा चेंडू फोटोत दोन सेंटिमीटर ताणला जातो. त्याहून सावकाश गेलं की त्याचा ठिपका न राहता रेघ होते.

जागेचं महत्त्व मला एका जुन्या फोटोने पटवलं. २५ मे १९६५ला अमेरिकेतल्या लुइस्टन इथे मुहम्मद अलीने सोनी लिस्टनला पहिल्याच फेरीत पाडलं. खाली पडलेल्या लिस्टनवर ओरडत उभा राहिलेला अली, तो दंड वळवलेला फोटो नील लायफरचा. लायफर तेव्हा २२ वर्षांचा होता. तो फोटो नीट बघितला तर अलीच्या पायांच्या मधून रिंगपलीकडचा एक फोटोग्राफर दिसतो. तो हर्ब शार्फमन, लायफरसारखाच 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या नियतकालिकासाठी आलेला, वयाने आणि अनुभवाने मोठा. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या पायांमधल्या माणसाकडेच बघत बसले होते. त्याने काही चुकवलं नव्हतं. पडणारा माणूस दुसऱ्या बाजूला पडला, एवढंच.

हे निव्वळ नशीब आहे असं कुणी म्हणालं तर मात्र मी वाद घालते. २९ जुलै २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकच्या सर्फिंग स्पर्धेत, पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावरच्या तेआहूपो इथे, जेरोम ब्रुइये यांनी ब्राझीलचा सर्फर गॅब्रिएल मेदिना याचा फोटो काढला. मेदिना हवेत ताठ उभा, एक बोट आभाळाकडे, शेजारी सर्फबोर्डही तसाच उभा. लोकांना तो खोटाच वाटला. ब्रुइये लाटेच्या बाजूला, बोटीत होते. लाटेच्या आत काय चाललंय ते त्यांना तिथून दिसत नव्हतं. पण तो बाहेर पडताना लाटेवरून उसळून आनंद साजरा करील याचा त्यांना अंदाज होता. त्यांनी चार फ्रेम घेतल्या, त्यातली एक ही. सेकंदाला तीस फ्रेमच्या झडीचा त्यात काही संबंध नव्हता. माणूस माहीत होता, लाट माहीत होती, आणि आडोशामागे काय घडणार त्यासाठी बोट तयार होतं.

वेग गोठवायचा नसतो अशीही वेळ येते, आणि पॅनिंग हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. शटर १/३० ते १/६० इतकं सावकाश ठेवायचं आणि धावणाऱ्याच्या वेगानेच कॅमेरा आडवा फिरवायचा. जमलं तर चेहरा स्थिर राहतो आणि बाकीचं जग रेघारेघांचं होतं. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरच्या उपांत्य फेरीत धावता धावता बाजूला बघून हसणारा उसेन बोल्ट कॅमेरन स्पेन्सर यांनी असाच टिपला. शंभर फ्रेममधल्या दोन लागतात. म्हणून डेस्कला, म्हणजे कार्यालयातल्या संपादकांना, आवश्यक तो सरळ फोटो हातात आल्याशिवाय पॅनिंगच्या वाटेला जायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय.

बातमीचे फोटो मात्र वेगळं काम आहे. तिथे वेळापत्रक नसतं आणि मैदानाची चक्कर मारता येत नाही. एका संध्याकाळी गोदामाला आग लागल्याचा फोन आला. मी पोहोचले तेव्हा छत कोसळलं होतं. पहिलं काम ठरलेलं: लांबून एक रुंद फोटो, ज्यात इमारत, धूर आणि बंब तिन्ही येतील, आणि तो लगेच मोबाइलवरून डेस्कला. मग वारा बघून जागा बदलायची, म्हणजे धूर अंगावर येत नाही. पाण्याच्या पाइपवर पाय पडू द्यायचा नाही, पोलिसांनी बांधलेल्या दोरीच्या आत जायचं नाही. कुणाचं काम अडवून काढलेला फोटो मला नको असतो.

सगळे ज्वाळांचे फोटो काढत होते. मीही काढले. आगीच्या ज्वाळा कुठल्याही आगीत सारख्याच असतात. दादांचं म्हणणं आठवलं, "आगीकडे पाठ कर." मी वळले. रस्त्याच्या कडेला एक अग्निशमन जवान बसला होता. हेल्मेट मांडीवर, हातमोजे पाण्याने इतके फुगलेले की निघत नव्हते. तो एकेक बोट दातांत धरून ओढत होता. मी ३५ मिलिमीटर लावून दोन पावलांवर गुडघ्यावर बसले. त्याचं लक्ष गेलं. मी कॅमेरा खाली केला आणि नुसतं बघितलं. त्याने हलकेच मान हलवली आणि पुन्हा दात लावले. मोजा निघाला. मनगटापर्यंत काजळी आणि त्यापुढे पांढराफटक, सुरकुतलेला पंजा, जसा बराच वेळ पाण्यात राहिल्यावर होतो तसा. त्याने तो डोळ्यांसमोर धरून उघडमीट केली, बोटं चालतायत का बघायला. ती फ्रेम मला मिळाली. दातांनी मोजा ओढतानाची हलली होती.

आणि त्याचा दुसरा मोजा अजून हातातच होता. "जरा तसंच परत कराल का, आगीच्या बाजूला तोंड करून?" हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं आणि दुसरा मोजा जसा निघाला तसा टिपला. तो फोटो साधा आला, अंधारातला. पण घडलेल्या गोष्टीत आपण एकदा हात घातला की आपल्या सगळ्याच फोटोंवरचा विश्वास जातो. आणि नुसत्या संशयाचीही किंमत मोठी असते. जो रोझेंथाल यांनी २३ फेब्रुवारी १९४५ला जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकेचा झेंडा उभारणाऱ्या सैनिकांचा फोटो काढला. रोझेंथाल उंचीने बेताचे, उभं राहायला दगड रचत होते, तेवढ्यात झेंडा उचलला गेला. त्यांनी व्ह्यूफाइंडरमधून धड न बघताच कॅमेरा फिरवून बटण दाबलं. पुढे कुणीतरी त्यांना विचारलं, फोटो ठरवून काढला का? त्यांना वाटलं प्रश्न नंतरच्या समूहफोटोबद्दल आहे, आणि ते हो म्हणाले. झेंड्याचा फोटो बनावट असल्याची कुजबुज त्यानंतर त्यांना आयुष्यभर पुरली.

त्याच आगीच्या ठिकाणी एक बाई होती. तिचा भाऊ त्या गोदामात कामाला होता आणि फोन लागत नव्हता. ती प्रत्येक जवानाची बाही धरून विचारत होती. माझ्या धंद्यात एक मत पक्कं आहे: फोटो काढून ठेवायचा, छापायचा की नाही ते नंतर डेस्कवर ठरतं. बहुतेक वेळा मी तसंच वागते. पण कॅमेरा उचलणं हीसुद्धा त्या माणसाच्या बाबतीत केलेली एक कृती असते, आणि ती छापण्याच्या आधीच घडून जाते. मी तिचा एक फोटो मागून घेतला. त्यात फक्त तिचा हात आणि मुठीत चुरगळलेली बाही होती. मग कॅमेरा खांद्यावर टाकला आणि आत कुणाला विचारायचं ते तिला दाखवलं. भाऊ सुखरूप सापडल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रात्री निवड करताना जवानाच्या फोटोच्या कोपऱ्यात एक कोपर दिसलं, माझ्या शेजारच्या फोटोग्राफरचं. पुसून टाकायला दहा सेकंदं लागली असती. कडेने कापलं तर जवानाचं हेल्मेट जात होतं. उजेड-अंधार थोडा सारखा करणं, कड कापणं इथपर्यंत चालतं. फ्रेममधलं काही काढणं किंवा घालणं अजिबात चालत नाही. २०१४ साली एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेने पुलित्झर मिळवलेल्या चमूतल्या एका फोटोग्राफरशी संबंध तोडले, कारण त्याने सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा कॅमेरा पुसला होता. बातमीच्या दृष्टीने त्या कॅमेऱ्याला काहीच महत्त्व नव्हतं. मला ती शिक्षा योग्य वाटते. आमचा फोटो कोपरासकट लागला.

फोटोओळीबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि माझी सगळ्यात मोठी चूक तिथलीच. खेळाच्या फोटोंसाठी आम्ही संघांच्या याद्या आधी संगणकात भरून ठेवतो. जर्सीचा नंबर टाइप केला की पूर्ण नाव, संघ, सगळं आपोआप येतं. त्याशिवाय गोल झाल्यावर काही मिनिटांच्या आत फोटो पाठवणं शक्यच नसतं. एका सामन्यात मी जुनी यादी वापरली. मधल्या काळात दोन खेळाडूंचे नंबर बदलले होते. पहिला गोल केलेल्या मुलाच्या फोटोखाली दुसऱ्याचंच नाव छापून गेलं. त्याच्या आईने कार्यालयात फोन केला. ती भांडली नाही. ते पान जपून ठेवायचं होतं, एवढंच तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली. तेव्हापासून सुरुवातीची शिट्टी वाजायच्या आत मी दोन्ही संघांचे नंबर मैदानावर डोळ्यांनी मोजून घेते, आणि पाठवण्याआधी नाव मोठ्याने वाचते. शेजारचे बघतात, बघू देत.

वर्षभराने पुन्हा तसाच सामना आला. बरोबरी, शेवटची मिनिटं, आणि पेनल्टी मिळाली. गोलच्या जाळीमागे मी सकाळीच एक कॅमेरा जमिनीलगत बांधून ठेवला होता, रेडिओच्या बटणावर चालणारा. हातातल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं की तोही चालायचा. म्हणजे पेनल्टी मारणारा त्या कॅमेऱ्यात येणारच होता, आणि माझी लेन्स मोकळी होती. मी ती गोलकीपरवर नेली. तो माझ्यापासून दहा-बारा मीटरवर होता. सगळा सामना मी बघत होते की तो हातमोजे ओले करतो, नाकपुडी चिमटीत धरतो, आणि चेंडू यायच्या आधी उजव्या टाचेवर किंचित बसतो. तो टाचेवर बसला तेव्हा मी बटण दाबलं.

तो उजवीकडे झेपावला आणि चेंडू डावीकडे गेला. मी मान वर केली नाही, खालीही नाही. तिकडे दुसऱ्या कोपऱ्यात ढीग झाला होता, ते आवाजावरून कळत होतं. गोलकीपर गवतावर पालथा होता. मग तो उठून गुडघ्यांवर आला, मागे वळला, जाळीत हात घालून चेंडू बाहेर काढला आणि पोटाशी धरून तसाच बसून राहिला. त्याचा एक बचावपटू चालत आला, काही न बोलता त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि दोघंही मैदानाच्या उलट्या बाजूला, माझ्याकडे, पण मला न बघता बघत होते. मी सहा फ्रेम घेतल्या. मग लॅपटॉप उघडला, दोघांचे नंबर दोनदा तपासले, नावं मोठ्याने वाचली आणि पाठवून दिलं. स्क्रीनवर फोटो निवांत बघितला तो त्यानंतर. गोलकीपरच्या डाव्या हातमोज्याला चुना लागला होता. तो घेताना मला दिसला नव्हता.